उलट्या बुट्ट्या

माझी लेक बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलमध्ये फिजिओ आहे. गेल्या वर्षी ती एका नाचाच्या ग्रुपमध्ये शिरली. तिथे सगळे दोनशे वर्षांपूर्वीचे, रीजन्सी काळातले इंग्लिश कपडे घालून नाचतात. बायकांच्या झग्याची कंबर छातीखालीच संपते, पुढे सगळा पायघोळ. "आई, तू शिवशील ना?" मी हो म्हणाले. तिथेच चुकलं.

माझ्याकडे पुण्याहून आणलेलं ठशांचं सुती कापड होतं, हातानं छापलेलं. ते घेऊन आम्ही ग्रुपच्या हॉलवर गेलो. कपड्यांचं सगळं एक रिटायर्ड शिक्षिका बघायची. तिनं कापड दोन बोटांत धरलं.

"सुंदर आहे. पण जरा जास्तच इंडियन वाटतंय. त्या काळातलं वाटायला हवं."

तिनं एका ऑनलाइन दुकानाची लिंक दिली. त्या काळच्या छापांच्या हुबेहूब नकला विकणारं दुकान. सहा मीटर मागवलं. पांढऱ्यावर बारीक लालसर बुट्ट्या. सोबत चिठ्ठी: हा छाप एका जुन्या झग्यावरून घेतला आहे, मूळ कापड हिंदुस्थानातून आलेलं.

मी चिठ्ठी नवऱ्यासमोर आपटली. "अहो, वाचा हे!"

त्यांनी शांतपणे वाचली. "बरं, मग?"

या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

कापड धुतलं तर वीतभर आटलं. पन्हा आधीच कमी. कसंबसं बेतलं, कापलं, पाठ शिवली. लेकीच्या अंगावर चढवून लांबून पाहिलं, तेव्हा कळलं की पाठीवरच्या सगळ्या बुट्ट्या उलट्या! फुलं खाली, देठ वर. जवळून काही म्हणजे काही दिसलं नव्हतं.

"कोणाला दिसणारे, आई?"

"मला दिसतंय ना!"

दुकानाला फोन केला. तो छाप संपलाय, पुन्हा आला की कळवू म्हणे. नाच शनिवारी! शेवटी पाठ उसवली आणि उरलेले चार तुकडे जोडून नवी केली. जोड काही केल्या लपेनात. रडू यायचं तेवढं बाकी होतं.

शनिवारी ती शिक्षिका लेकीच्या पाठीशी येऊन वाकलीच. मग माझ्याकडे वळली.

"हे जोड मुद्दाम दिलेत तुम्ही? अप्रतिम! कापड पुरलं नाही की त्या काळी बायका असंच करायच्या. इतकं अस्सल इथे कोणीच शिवलेलं नाही."

मला इतका राग आला की थँक्यूसुद्धा नीट निघेना. चांगलं अखंड कापड दाखवलं तर ते चालेना, आणि माझी फजिती मात्र अस्सल!

घरी येताना मोटरवेवर ट्रॅफिक होता. लेकीनं झगा गुडघ्यापर्यंत गोळा करून पाय डॅशबोर्डवर टाकले होते.

"आई, तू अजून रागावली आहेस?"

"हो." मग म्हटलं, "नाचलीस मात्र छान."

"ती विचारत होती, तिचा पण ड्रेस तू शिवशील का?"

मी रेडिओ लावला.