सराव परीक्षेचा पासंग

आमचे हे काटे दुरुस्त करतात. घड्याळाचे नव्हे, वजनाचे. किराणा दुकानातले, सोनारांचे, पोस्टातले, प्रसूतिगृहात बाळाला निजवून वजन करतात तेही. तीस वर्षं हातात पितळी वजनांची लाकडी पेटी घेऊन हे गावभर हिंडताहेत. ती वजनं उघड्या हातानं धरायची नाहीत, मऊ कापडानं उचलायची. हाताचा घाम लागला तरी वजन बदलतं म्हणे. लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी त्यातल्या एका वजनानं लसूण ठेचला. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच, "एक ग्रॅम कमी भरतंय."

असा माणूस. कुणी वेळ विचारली तर पावणेपाच म्हणणार नाहीत, चार बेचाळीस म्हणतील. स्वयंपाक कसा झालाय विचारलं तर, "कालच्यापेक्षा मीठ किंचित जास्त." मी विचारणं सोडून दिलंय.

ह्यांचा आवडता विषय म्हणजे पासंग. जुन्या तराजूची दोन पारडी रिकामी असली तरी सहसा सारखी नसतात, एक थोडं झुकतंच. तो जो मुळातला फरक, तो पासंग. ह्यांच्या मते पासंग असलेला काटा वाईट नव्हे. रोज वीस ग्रॅम कमी दाखवतो ना, मग वीस मिळवा आणि मोकळे व्हा. वाईट तो लहरी काटा, आज वीस कमी आणि उद्या दहा जास्त. "लहरी काट्यापुढे देवही हात टेकेल," असं हे म्हणतात, आणि म्हणताना माझ्याकडे बघायचं टाळतात.

आमची एकुलती लेक मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती. क्लासमध्ये तिनं सोळा सराव परीक्षा दिल्या. परीक्षा पाचशे गुणांची, आणि हिची सरासरी तीनशे एकाहत्तर. आमच्या गावच्या मेडिकल कॉलेजात आदल्या वर्षी शेवटची जागा चारशे दोनला भरली होती. क्लासच्या सरांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं.

"मुलगी कष्टाळू आहे," सर म्हणाले, "पण आकडे बोलतात. लॅब टेक्निशियनच्या कोर्सला तिला जागा मिळालीय ना? ती सोडू नका."

त्या जागेसाठी शनिवारपर्यंत होकार कळवायचा होता. सोमवारपासून वर्ग सुरू, म्हणजे मेडिकलच्या परीक्षेवर पाणी सोडायचं. होकार नाही दिला आणि परीक्षेतही घसरली, तर तेलही गेलं आणि तूपही गेलं. लेकीनं घरी येऊन पुस्तकं एकावर एक रचली आणि म्हणाली, "आई, मी होकार कळवते." लहानपणापासून बाहुल्यांना इंजेक्शन देणारी माझी पोर. 

हे जेवत होते. घास खाली ठेवून म्हणाले, "तो काटा कुणी तपासलाय?"

"कुठला काटा?"

"सरांचा. सराव परीक्षेचा. तपासल्याशिवाय त्यावरचं वजन कसं मानायचं?"

मी म्हटलं, झालं, चढलं ह्यांच्या डोक्यात. पण ह्यांना काटा तपासायची एकच रीत ठाऊक. ज्याचं खरं वजन माहीत आहे ते पारड्यात ठेवायचं आणि काटा काय दाखवतो ते बघायचं. मंगळवारी मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेतला काटा दुरुस्त करायला गेले, ते दुपारभर तिथंच थांबले. त्याच क्लासमधून आलेली पहिल्या वर्षाची नऊ मुलं गाठली, आणि सराव परीक्षेत सरासरी किती, खऱ्या परीक्षेत किती, असं एकेकाला विचारून घेतलं. नऊच्या नऊ जणांना खऱ्या परीक्षेत जास्त गुण. कुणाला सव्वीस जास्त, कुणाला एक्केचाळीस.

"पासंग आहे," हे दारातूनच म्हणाले. "सर मुलांना धाकात ठेवायला पेपर अवघड काढतात. काटा कमी दाखवतो."

लेकीचा चेहरा उजळला. मी पोळ्या लाटत होते, लाटणं थांबवून म्हटलं, "शितावरून भाताची परीक्षा खरी, पण शितं तुम्ही वरचीच उचललीत. ज्यांना प्रवेश मिळाला तेच तुम्हाला कॉलेजात भेटणार. ज्यांना मिळाला नाही त्यांच्या घरी गेलात का?"

ह्यांनी आकड्यांचा कागद पुन्हा उलगडून बघितला. तीस वर्षांत मी ह्यांना असं पहिल्यांदाच पकडलं होतं. उगाच खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

पण मग ते शोधणंही माझ्याच गळ्यात पडलं, कारण असल्या घरी पुरुषमाणूस एकटा जाऊन काय विचारणार? बुधवार आणि गुरुवार आम्ही दोघं फिरलो. एका आईनं दारातूनच परत पाठवलं, आणि तिचं काही चुकलं नाही. चष्म्याच्या दुकानात काम करणारी एक मुलगी मात्र हसून म्हणाली, "काकू, माझे मार्क कुणाच्या तरी उपयोगाला येतील असं वाटलं नव्हतं." तिलाही खऱ्या परीक्षेत एकतीस जास्त मिळाले होते, पण मुळात गाडी मागे होती. असे पाच जण सापडले. चौघांचं तसंच. पाचव्याचे साठ गुण कमी झाले होते, कारण सराव परीक्षा त्यानं मांडीवर फोन ठेवून दिल्या होत्या.

"काटा ठीक आहे," हे म्हणाले. "ह्याच्या पारड्यात दगड होता."

शुक्रवारी संध्याकाळी हिशेब झाला. पासंग बत्तीस. तीनशे एकाहत्तर अधिक बत्तीस, चारशे तीन. आणि शेवटची जागा चारशे दोन.

"दहा वर, दहा खाली होऊ शकतात," ह्यांनी सांगितलं.

"म्हणजे मिळेल की नाही?" लेक म्हणाली.

"काटा वजन सांगतो. घ्यायचं की नाही ते गिऱ्हाईक ठरवतं."

मला ह्यांच्या डोक्यात लाटणं घालावंसं वाटलं. पोरगी रडकुंडीला आलेली, आणि हे गिऱ्हाईक काढून बसले. पण लेकीनं तो हिशेबाचा कागद पुढ्यात ओढला. मग म्हणाली, "मला वाटत होतं मीच तीनशे एकाहत्तर आहे." शनिवारी सकाळी तिनं लॅबच्या कोर्सला नकार कळवला आणि पुस्तकं पुन्हा टेबलावर मांडली.

परीक्षा झाली. गुण आले तीनशे अठ्ठ्याण्णव.

ह्यांनी तो आकडा दोनदा वाचला. मग लेकीसमोर जाऊन उभे राहिले. ग्रॅमभर चूक झाली तर गिऱ्हाइकाची माफी मागतात तसेच हात जोडले आणि म्हणाले, "माझा अंदाज चुकला. तुझी ती जागा माझ्यामुळे गेली." मला तो आवाज ऐकवेना. लेक उठून आत गेली. पुढचे दहा दिवस आमच्या घरात भांडीसुद्धा हळू वाजत होती.

अकराव्या दिवशी प्रवेशाची यादी लागली. लेकीनं फोनवर ती वरून खाली वाचली आणि माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. यंदा पेपर सगळ्यांनाच अवघड गेला होता. शेवटची जागा तीनशे एक्क्याण्णवला भरली होती. आमची लेक यादीत होती, खालून सहावी. पण आत होती.

मी खुर्चीत बसले आणि हसत सुटले. शेजारीण बघायला आली आणि काही न समजताच तीही हसायला लागली. हे दुपारी जेवायला घरी आले तेव्हा आम्ही तिघी ह्यांच्यावर तुटून पडलो.

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. डोळे भरले होते, पण कपाळावर आठी होतीच. "किलो दरवर्षी बदलतो, ही कुठली पद्धत?" मग लेकीकडे वळून म्हणाले, "आणि काही झालं तरी मी पाच गुणांनी चुकलोच."

"बाबा," लेक म्हणाली, "सर सत्तावीस गुणांनी चुकले. माझ्यापुढे हात जोडून उभे राहिलेले तुम्ही एकटेच."