सोमवारची चिलीम

माझ्या दाजींना सगळी गल्ली देवमाणूस म्हणायची. हा शब्द आजही कुणी माझ्यासमोर उच्चारला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. देवाला कामधंदा नसतो, दाराशी गिऱ्हाईक ताटकळत नसतं, आणि नैवेद्याचं ताट दुसरंच कुणीतरी आणून पुढ्यात ठेवतं. त्या अर्थानं म्हणत असतील तर माझी काही हरकत नाही.

आम्ही मूळचे वडूजचे. घरात शिवणकाम. आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बाजारात छोटं दुकान होतं. आई मी लहान असतानाच गेली, तेव्हा माझी वेणीफणी, शाळेचा डबा, सगळं थोरल्या बहिणीनं, आक्कानं केलं. त्यातून वेळ काढून ती आबांना काजं-बटणं आणि हातशिलाई करून द्यायची. कात्री मात्र आबांची. आमच्यात बायकांनी नव्या कापडाला कात्री लावायची नाही असा रिवाज होता. का, ते कधी कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही.

आबा गांजा ओढायचे. आमच्या गावात ही लपवण्याची गोष्टच नव्हती. सोमवारी संध्याकाळी महादेवाच्या देवळामागं पाच-सहा माणसं बसत, चिलीम फिरत असे, आबा दोन झुरके घेत, मग थोडं भजन, मग घरी येऊन पिठलं-भाकरी. मंगळवारी सकाळी दुकान उघडलेलं. तिसरा झुरका त्यांनी कधी घेतला नाही असं ते छातीठोकपणे सांगत, आणि ते खरं असावं. दारुड्याला ते दुकानाच्या पायरीवरही बसू देत नसत. "इस्तू चुलीत असला की भाकरी, वळचणीला गेला की राख," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आपण मापात राहतो याचा त्यांना फार अभिमान होता, आणि तो अभिमान शेवटी आक्काला भोवला.

बहात्तरचा दुष्काळ पडला तेव्हा आमच्याकडची माणसं खडी फोडायला जात होती. नवे कपडे कोण शिवणार? अशात सांगलीचं स्थळ सांगून आलं. तिकडं कृष्णेचं पाणी, उसाचा पैसा, हळदीचा बाजार. मुलगा आमच्यातलाच, स्वतःचं दुकान असलेला. आबा एकटेच जाऊन बघून आले आणि चौकशी कशी केली ते आम्हाला रंगवून सांगत बसले. मुलानं शिवलेला कोट उलटा करून अस्तर बघितलं. काजावरून बोट फिरवलं. दारू पितो का? नाही. पत्ते? नाही. बाईचा नाद? छे, छे! मग पाणी प्यायला दुकानाच्या मागच्या खोलीत गेले, तर तिथं ओळखीचा वास. आता कुणाही बापाला अशा वेळी काय वाटावं? आमच्या आबांना आनंद झाला! "आपल्यातलाच हाय की," म्हणाले. शंकराचा भक्त, सोमवारी दोन झुरके, मंगळवारी दुकान, असं सगळं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. जन्मभर दुसऱ्यांची मापं घेतलेल्या माणसानं जावयाचं माप स्वतःच्या अंगावरून घेतलं. आठवलं की अजून हात चोळावेसे वाटतात.

लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी मी शिक्षिकेचा अभ्यासक्रम करायला सांगलीला गेले आणि आक्काकडंच राहिले. तोवर सणाला भेटलेली आक्का हसून बोलायची, त्यामुळं मला काही कळलं नव्हतं. एकाच घरात राहिल्यावर सगळं दिसलं.

दाजी सकाळी चहा घेत आणि नदीच्या घाटावर एका बैराग्याच्या धुनीपाशी जाऊन बसत. जेवणाच्या वेळेला परत येत ते लालबुंद डोळे आणि एक मंद हसू घेऊन. भरपूर जेवत, गोड लागलंच तर मागून घेत, आणि आडवे होत. उन्हं उतरल्यावर दुकानात जाऊन बसत. कोपऱ्यात गिऱ्हाइकांच्या कापडांची गाठोडी एकावर एक साठलेली. कुणी विचारलं की "उद्या न्या." हे 'उद्या' ते इतक्या गोड सुरात म्हणत की माणूस परत जाई. पाचव्या-सहाव्या 'उद्या'ला मात्र तो आपलं कापड उचलून दुसरीकडं जाई.

मी खोटं बोलणार नाही, माणूस कारागीर होता. त्यांनी लग्नाच्या आधी शिवलेला एक कोट आक्कानं जपून ठेवला होता. तो बघितला की आबा का भुलले ते समजत असे. पण माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी एका नवऱ्यामुलाच्या कोटाला दोन्ही डाव्या हाताच्या बाह्या लावल्या. मुलाचा मामा दुकानात येऊन शिव्यांची लाखोली वाहत होता आणि दाजी हसत होते. "व्हतंय कवा कवा," म्हणाले. आतून आक्का बाहेर आली, त्या परक्या माणसापुढं हात जोडून उभी राहिली, आणि दिवसभर बसून तिनं बाह्या उसवून पुन्हा लावल्या. तेवढ्या वेळात दाजींनी तिला दोनदा विचारलं, "कुनाचा कोट हाय गं ह्यो?"

हे मी चेष्टेनं सांगत नाही. विसरायचेच ते. मी काय शिकते हे मला दर आठवड्याला विचारत. आक्का तापानं फणफणली तेव्हा मायेनं तिच्या कपाळावर हात ठेवून बसले, आणि थोड्या वेळानं म्हणाले, "जेवान तयार हाय न्हवं?" त्यात दुष्टपणा नव्हता. दुष्टपणा असता तर आक्काला भांडता तरी आलं असतं. त्यांना कशाचं काही वाटेनासंच झालं होतं. त्यालाच सगळे शांत स्वभाव म्हणत.

शेजारणींचा मला सगळ्यात जास्त राग येई. आक्कानं तोंड उघडलं की लगेच, "आगं, पीत न्हाई, मारत न्हाई, वरडत सुद्दा न्हाई! आनि काय पायजे बाईच्या जातीला?" म्हणजे नवऱ्याची किंमत त्यानं न दिलेल्या मारावरून करायची! एखाद्या खुंटीनंही आक्काला कधी मारलं नव्हतं. मी हे एकदा बोलून दाखवलं, तर "शिकलेल्या पोरी अशाच" म्हणून माझाच उद्धार झाला.

शेवटी आक्कानं आबांना बोलावून घेतलं. आबा आले ते मोठ्या उत्साहात. "सोडायचं कशापायी? मी माप शिकवतो त्येला," म्हणाले. पिशवीतून स्वतःची चिलीम घेऊन आले होते! जावयाला समोर बसवून सांगितलं, "पावनं, घाटावर जायाचं न्हाई. सांजच्याला माझ्यासंगं दोन झुरकं. आजपातनं हीच रीत." दाजींनी आनंदानं मान डोलावली. सासरे-जावई ओसरीत बसून चिलीम ओढताहेत आणि आतून आक्का ते बघते आहे, हा देखावा मी जन्मात विसरणार नाही. अर्थात दाजींनी आबांचे दोन झुरके घेतले आणि घाटावरचेही सोडले नाहीत. आबांना हे चौथ्या दिवशी कळलं.

तेव्हा आबांनी दुसरी युक्ती काढली. आपल्या सदऱ्यासाठी घेतलेलं कापड दाजींच्या पुढ्यात टाकलं. "घाटावर न जाता, आत्ता, माझ्या डोळ्यांम्होरं हे कापा," म्हणाले. दाजी उठले. टेपनं आबांचं माप घेतलं. फळीवर कापड पसरलं, हातानं सारखं केलं, खडूनं एक रेघ मारली. मग कात्री हातात घेऊन नुसते उभे राहिले. दाजींनी कापडाची बाजू बदलली, पुन्हा पहिल्यासारखं केलं. कपाळावर घाम आला होता. मग आबांकडं बघून एवढंसं तोंड करून म्हणाले, "मामा, आधी काय कापायचं असतंय?"

त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर ते हसू नव्हतं. मला त्यांचा पहिला आणि शेवटचा कळवळा आला तो तेव्हा.

आक्का पुढं झाली. त्यांच्या हातातली कात्री घेतली आणि बापासमोर, नवऱ्यासमोर त्या नव्या कापडात चालवली. पाठ, पुढचे दोन भाग, बाह्या, कॉलर. आबा "आगं, आगं" म्हणत राहिले. सगळं कापून झाल्यावर ती त्यांच्याकडं वळली.

"आबा, मी ह्यास्नी काय बोलाया गेले की हे काय म्हनत्यात ठावं हाय? 'तुझं आबा बी वडत्यात की.' शेजारीन त्येच म्हनती. तो घाटावरचा बैरागी सुद्दा त्येच म्हनतो. तुमचं दोन झुरकं माझं तोंड दाबत्यात."

"माझं कवा काय बिघाडलं?" आबा म्हणाले. "माझं मापात हाय. मनात आलं तर आत्ता सोडीन."

"मग सोडा."

"का म्हनून?"

"मी मागते म्हनून. तुमी सोडा, मगच मी माहेराला येते. तवर न्हाई."

आबा कापलेला सदरा तिथंच टाकून दुपारच्या एसटीनं निघून गेले.

नागपंचमीला आक्का माहेरी आली नाही. आई नसलेल्या पोरीला माहेर म्हणजे बापच, आणि त्या बापाकडं ती गेली नाही. मी एकटी वडूजला गेले. मला वाटलं होतं, आबांनी चिलीम फोडून टाकली असेल. सोमवार आला, संध्याकाळी आबांनी टोपी घातली आणि देवळाकडं निघाले! मी दारात आडवी झाले. "लेकीपरीस दोन झुरकं जड झालं व्हय, आबा?" तर म्हणाले, "पोरीच्या हट्टापायी देवाची रीत मोडायची?" बघा, आला की नाही देव मध्ये! पडेल ते ओझं उचलायला आमच्याकडं देव कायम तयार असतो. महादेवानं बिचाऱ्यानं कधी कुणाला निरोप पाठवला होता का, की माझ्यासाठी चिलीम भरा म्हणून?

मापात राहणं थोर आहे, यात वाद नाही. मी पुढं शाळेत मुलांना तेच शिकवलं. पण ज्यानं एकदाही सोडून बघितलं नाही, त्याला आपण मापात आहोत हे कळणार कसं? आबा आठवड्यातून दोन झुरके घेत होते हे खरं. ते दोन झुरके आबांना सोडत होते की नाही, हे कुणी तपासलंच नव्हतं.

इकडं आक्का दुकानात मशीनवर बसू लागली. आधी लोकांनी नाकं मुरडली, मग बायका पोलकी घेऊन यायला लागल्या. काम वाढलं. दाजी शेजारी स्टुलावर बसून हसत असायचे. आणि गल्लीनं काय म्हणावं? "बायकूला कसं तयार केलं बघा! देवमानूस." मी पोलक्याचं माप द्यायला आलेल्या एका बाईशी यावरून इतकी भांडले की आक्कानंच मला आत ओढून नेलं.

दिवाळीच्या तोंडावर आबा आले. वाळले होते. पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाले, "सोडली. दसऱ्याच्या आधीपासनं चिलमीला शिवलो न्हाई. चल घरला."

आक्कानं मशीन थांबवलं. तिचे डोळे भरून आले होते. आबा बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बोलू लागले. "लय जड गेलं गं. आठवड्याला दोन झुरकं, त्ये काय आसं वाटायचं. पन सोमवार आला की जीव कुटंच लागंना. चिडचिड व्हायाची, गिऱ्हाइकाच्या अंगावर जायाचो." मग स्टुलावरच्या जावयाकडं बघून म्हणाले, "माझं ह्ये आसं. ह्येचं तर रोजचं. ह्येच्या जिवाला काय वाटत आसंल!"

"आन माझ्या जिवाला काय वाटत आसंल, आबा?" आक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "त्यास्नी काय वाटतं, तुमास्नी काय वाटतं, म्हादेवाला काय वाटतं. समद्यांचं इचारून झालं. माझं कवा इचारनार?"

आबा मांडीवरची टोपी बाजूला ठेवून म्हणाले, "सांग."

आणि आक्कानं सांगितलं. दारातली दोन गिऱ्हाइकं परत गेली तरी ती थांबली नाही. लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून सगळं सांगितलं. मलाही त्यातलं निम्मं माहीत नव्हतं. आबा खाली मान घालून ऐकत होते. दाजीही ऐकत होते, अगदी मन लावून.

"खरं हाय," तिचं बोलून झाल्यावर दाजी हळूच म्हणाले. "ती म्हनती त्ये समदं खरं हाय."

मग त्यांनी पायात चपला घातल्या आणि ते घाटाकडं निघून गेले.