नाताळात शेजारी ठेवलेलं बदक

मंडळी, आज नातीने प्रवासाचा विमा काढला आणि तिच्या पाळलेल्या इग्वाना सरड्याची सुट्टीपुरती सोयही लावली, सगळं फोनवरच. मला आमचं बदक आठवलं.

सत्तरच्या दशकात आम्ही अंधेरीच्या गावठाणात राहायचो. डिसेंबरात मालवणला निघताना बदक शेजारच्या मेरीमावशीकडे ठेवलं. आमचा विमा म्हणजे आईने हातावर घातलेलं दही.

बस पनवेलला पोचली आणि आई बाबांना म्हणाली, "अहो, वाट लागली! नाताळात त्यांच्याकडे बदकच शिजतं ना!"

सुट्टीभर कुणी त्याचं नाव काढलं नाही.

परतलो तर बदक मावशीच्या दारात, चांगलं गुबगुबीत.

मावशी आईला म्हणाली, "यंदा कोंबडीच केली गं. त्याच्या डोळ्यांदेखत बदक कसं शिजवू?"

तुमच्यासाठी कुणा शेजाऱ्याने सणाचा बेत बदललाय कधी?