मास्तरांनी उसवलेलं अस्तर

रहिमतपुरातल्या आमच्या शिंपीमास्तरांच्या डाव्या बाहीला टाचण्या दिसल्या की समजावं, आज ते स्वतःवरच पाळत ठेवून आहेत. मन खचलं की ते तिथल्या तिथे एक टाचणी बाहीला खोवत. दुकान बंद करताना एकेक काढून बायकोला, आमच्या भाभींना, सांगत : ही कशानं, आणि तेव्हा मनात काय आलं.

त्याआधी कितीतरी महिने ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. कात्री फडक्यात गुंडाळलेली. माझं कुठलं काम सहसा अडत नाही, पण त्या घरात काय करावं मला सुचेना. अखेर भाभीच त्यांना साताऱ्याला डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. गोळ्या सुरू झाल्या. तिथल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, मन खाली गेलं की त्या वेळचं वाक्य पकडून लिहा. मास्तरांना लिहायचा कंटाळा, म्हणून टाचण्या.

"काय सापडलं, मास्तर?" मी एकदा विचारलं.

"ताई, वरचं कापड रोज येगळं. गिऱ्हाईक बोललं न्हाई, सांगलीस्नं पोरीचा फोन न्हाई, चहा सांडला. पर उलटं करून बघितलं की आतलं अस्तर एकच. माझ्या हातनं सगळं बिघडतंय." मग म्हणाले, "ल्हान आस्ताना अब्बांचं कापड चुकीचं कापलं, तवापास्नं अंगात हाय ते."

"मग आता?"

"उसवायचं. सावकाश. वढलं तर फाटतंय."

आतून भाभी ओरडल्या, "उसवा की! पर आदी सरपंचीणबाईंचं परकर द्या!"

मी थक्क होऊन बघत राहिले. आपलंच मन असं हातात धरून तपासणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

माझ्या मुलीच्या लग्नाचा ब्लाउज त्यांनी शिवायला मागून घेतला. भाभींनी मला डोळ्यांनीच 'नको' म्हटलं. हा बिघडला तर मास्तर पुन्हा अंथरूण धरतील, ही धास्ती मलाही होती. तरी दिला. आणि माझ्यादेखत एक बाही आखूड कापली गेली.

भाभींचा हात तोंडावर गेला. मास्तर पांढरेफटक. कात्री खाली ठेवून ते त्या तुकड्याकडे बघत राहिले.

"बाही चुकली," ते म्हणाले. मग सावकाश, स्वतःलाच सांगावं तसं, "नुसती बाहीच चुकली."

भाभी रडायला लागल्या.

"रडतीस काय? चहा ठेव. ताई, काठ हाय का शिल्लक? जोड द्यावा लागंल."

आणि त्यांनी कात्री उचलली.