होडीची पाती आणि सत्काराचे नारळ

मंडळी, डोकं अजून तापलेलंच आहे.

आज धुळ्याजवळच्या धरणावर आम्ही मैत्रिणींनी बनवलेल्या शिडाच्या होडीची स्पर्धेत चाचणी होती. स्टेजवर होडीची पूजा उरकली आणि आयोजकांनी होडी थेट पाण्यात ढकलली. मी सुकाणू धरलं, शीड फुगलं, पण होडी पुढे जायचं सोडून आडवीच सरकत काठाला लागली.

"डिझाइनच चुकलंय, ताई," परीक्षकांनी निकाल दिला.

मी वाकून पाहिलं. होडीला आडवं सरकू न देणारी तळाची पातीच गायब!

"पूजेला खालच्या पातीमुळे होडी डुगडुगत होती, म्हणून काढली," आयोजक भाऊ बिनधास्त म्हणाले.

पाती स्टेजवर सापडली. तिच्यावर सत्काराचे नारळ मांडले होते. पुन्हा चाचणी मागितली, तर आयोजक भाऊ म्हणे, "वेळ नाही, सत्कार बाकी शे."

अहो, नारळच मांडायचे होते, तर साधी फळी मिळाली नाही का तुम्हाला?