थर्मन बॅस्कम यांचा लाल कीबोर्ड

थर्मन बॅस्कम यांची आणि माझी ओळख अमेरिकेतल्या टोलेडो शहरातील आमच्या चर्चच्या तळघरात झाली. तेथे मी उतारवयात प्रौढांच्या वर्गात वाचायला शिकत होते आणि ते वर चर्चचा ऑर्गन वाजवण्याचा सराव संपवून कॉफी प्यायला खाली येत असत.

चर्चचा जुना ऑर्गन बंद पडला, तेव्हा थर्मन यांनी स्वतःचा लाल कीबोर्ड आणला. तो जुन्या धाटणीचा होता आणि त्यातून ऑर्गनचाही आवाज निघे. एक रविवार ऐकून मगच तो ठेवायचा की नाही ते सांगू, असे पाद्री म्हणाले.

चर्चमधल्या सर्वांत वडील बाई आल्मीडा, ज्यांना सगळे आदराने मदर म्हणत, यांनी थर्मन यांना विचारले, "हे खेळणं देवाला ऐकू तरी जाईल का रे?"

"देवाचे कान चांगले आहेत, मदर. तुम्ही तेवढं पुढे बसा," थर्मन म्हणाले.

त्या रविवारी मदर पुढे बसल्या. जुन्या ऑर्गनवर आम्ही सगळ्याच बायका पर्स ठेवत असू. त्या सवयीने मदरनी गाण्यासाठी उठताना आपली जड पर्स कीबोर्डवर ठेवली. तिच्याखाली बटण दाबले गेले आणि संथ गीतात एकदम कर्कश तुतारी वाजू लागली. लोक हसले.

थर्मन यांनी डाव्या हाताने वाजवणे चालूच ठेवले, उजव्या हाताने पर्स उचलून मांडीवर घेतली आणि बटण पूर्ववत केले. गीत तुटले नाही.

"ठेवा हा कीबोर्ड," उपासना संपल्यावर मदर पाद्रींना म्हणाल्या. "पोरानं गाणं सोडलं नाही."

थर्मन यांनी पर्स त्यांना परत दिली आणि विनंती केली, "मदर, पुढच्या रविवारी ही तुमच्याच मांडीवर ठेवा."