बांगड्यांवरून बांधलेलं बँडेज

पारोळ्याच्या मुलींच्या शाळेत मी खेळ शिकवते. कबड्डीत मुरगळलेले घोटे बांधण्यातच माझी निम्मी नोकरी गेली म्हणा ना. क्रेप बँडेज बोटांकडून वर न्यायचं, प्रत्येक वेढा आधीच्या निम्म्यावर बसवायचा आणि खाली दागिना, दोरा, काही म्हणजे काही ठेवायचं नाही. पैंजण काढताना एखादी कुरकुरली तर मी तिला सरळ मैदानाबाहेर बसवते. अशी मी कडक. आणि घरच्या माणसाच्या वेळी नेमकी माती खाल्ली.

सासऱ्यांना हृदयाचा झटका आला होता; धुळ्याला दवाखान्यात ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी सासूबाई तिथल्याच जिन्यात घसरल्या आणि उजव्या मनगटावर पडल्या. एक्स-रेत हाड शाबूत निघालं. डॉक्टरांनी बांगड्या उतरवून क्रेप बँडेज बांधायला सांगितलं, तसा सासूबाईंनी हात पदराखाली घेतला.

"तेस्नं अशं व्हयेल शे, आनि मना हात मोकया? नही!"

"दुसऱ्या हातात आहेत की," मी म्हणाले. त्यांनी हात पदराखाली आणखीच घट्ट धरला. दोन रात्री त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. मला दया आली. बांगड्या जरा वर सरकवल्या आणि त्यांच्यावरूनच बँडेज गुंडाळून टाकलं.

संध्याकाळी पाहते तर बोटं टम्म फुगलेली, नखं निळसर. घाईघाईनं बँडेज सोडलं. बांगड्यांची काच कातडीत रुतली होती. साबण झाला, तेल झालं. सुजलेल्या हातावरून एकही बांगडी उतरेना. आता त्या वाढवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. नवरा दवाखान्यात पडलेला असताना बायकोच्या बांगड्या वाढवायच्या! मलाही ते अभद्र वाटलं. पण त्याहून जास्त स्वतःचा राग आला होता. हाताला कायमचं काही झालं असतं तर कुणाला तोंड दाखवणार होते मी?

"आई, जन्मभर मला शिव्या द्या. पण आता मी ऐकणार नाही," म्हणत त्यांना उठवलं आणि थेट सासऱ्यांच्या खाटेपाशी नेलं. त्यांना त्याच दुपारी आयसीयूतून जनरल वॉर्डात आणलं होतं. मी सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. त्यांनी तो सुजलेला हात जवळ घेऊन पाहिला.

"मनासमोर वाढव, बेटा," ते हळूच म्हणाले आणि आपण इथेच आहोत हे सांगायला स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मी देखस ना. मी आठेच शे."

सासूबाईंनी मान फिरवली. त्यांचा डावा हात सासऱ्यांनी धरला. मी सिस्टरकडून चिमटा मागून आणला, काच उडू नये म्हणून वर रुमाल धरला आणि एकेक बांगडी मोडू लागले. दर आवाजाला सासूबाई दचकायच्या आणि दर वेळी सासरे म्हणायचे, "मी शे. मी शे."

शेवटची निघाली. बोटांत रंग परत येईपर्यंत मी थांबले, मग नव्यानं बँडेज बांधलं आणि हात उशीवर उंच ठेवला. सासूबाई रडतील असं वाटलं होतं. त्या नवऱ्यावर खेकसल्या.

"आते लवकर घर चला. नव्या बांगड्या तुम्हीच ली द्या."